दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीची शारीरिक व मानसिक पूर्वतयारी : महाविद्यालयीन धावपटूंच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रस्तावना

७ ऑगस्ट १९५४ रोजी कॅनडातील व्हँकुव्हर येथे ब्रिटिश साम्राज्य व राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांतील मॅरेथॉन शर्यत झाली. इंग्लंडचा जिम पीटर्स हा त्या वेळी जगातील सर्वांत वेगवान मॅरेथॉनपटू मानला जात असे. त्याच वर्षी जून महिन्यात त्याने २ तास १७ मिनिटे ३९ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली होती. व्हँकुव्हरच्या कडक उन्हात तो मैदानात शिरला तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा धावपटू पंधरा मिनिटांहून अधिक मागे होता. मात्र मैदानात येताच त्याचे पाय लटपटू लागले. पडत, उठत, पुन्हा पडत त्याने सुमारे अकरा मिनिटांत जेमतेम दोनशे यार्ड अंतर कापले. अंतिम रेषा त्याला गाठता आली नाही. त्याला रुग्णालयात न्यावे लागले आणि त्यानंतर तो पुन्हा स्पर्धेत धावला नाही.

पीटर्सजवळ सरावाची उणीव नव्हती आणि जिद्दीचीही नव्हती. उष्म्याचा अंदाज घेऊन वेग आवरणे मात्र त्या दिवशी त्याला जमले नाही. दीर्घ पल्ल्याच्या धावण्याविषयी बोलताना आपल्याकडे ‘जिद्द’ या गुणाचा गौरव मोठ्या प्रमाणावर होतो. क्रीडाशास्त्राचा अभ्यास मात्र वेगळी बाजू दाखवतो. या प्रकारात शरीराची तयारी ही वाट पाहण्याची तयारी असते, आणि मनाची तयारी म्हणजे ती वाट पाहण्याची क्षमता होय. प्रस्तुत लेखात हे सूत्र धरून शारीरिक व मानसिक पूर्वतयारीचे विवेचन केले असून महाविद्यालयीन पातळीवर होणाऱ्या चुकांचाही विचार केला आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

(१) दीर्घ पल्ल्याच्या धावण्यामुळे शरीरात होणारे बदल व त्यांना लागणारा कालावधी समजावून घेणे.
(२) मानसिक पूर्वतयारीचे घटक व त्यांमागील संशोधनाचा आधार स्पष्ट करणे.
(३) महाविद्यालयीन वेळापत्रकाशी जुळणारा सरावाचा आराखडा मांडणे.
(४) विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबाबत महाविद्यालयाची जबाबदारी निश्चित करणे.

३. विषयाची व्याप्ती

सामान्यतः ३,००० मीटरपासून पुढील शर्यतींना दीर्घ पल्ल्याच्या शर्यती म्हटले जाते. ५,००० व १०,००० मीटर, क्रॉस कंट्री, २१.०९७५ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन आणि ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन यांचा त्यात समावेश होतो. महाराष्ट्रात पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून व मुंबई मॅरेथॉन २००४ पासून सुरू झाली. २०१२ पासून साताऱ्यात यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉन होऊ लागली. या शर्यतींमुळे हा क्रीडाप्रकार मैदानातून रस्त्यावर आला आणि प्राध्यापक, कर्मचारी व विद्यार्थी एकाच शर्यतीत धावू लागले. या लेखात पहिल्यांदा अर्धमॅरेथॉन धावू इच्छिणारा, सलग ५ किलोमीटर सावकाश धावू शकणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवला आहे.

४. शारीरिक पूर्वतयारी

४.१ शरीरातील बदलांचा वेगवेगळा वेग

सराव सुरू केल्यावर शरीराचे सर्व घटक एकाच गतीने बदलत नाहीत. रक्तातील द्रवभाग काही दिवसांतच वाढतो, त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक अधिक रक्त पुढे ढकलले जाते. स्नायुपेशींतील तंतुकणिका, म्हणजे प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करणारे घटक, काही आठवड्यांच्या नियमित सरावाने वाढतात. जॉन होलोझी यांनी १९६७ साली उंदरांवरील प्रयोगांतून ही गोष्ट दाखवून दिली. स्नायूंभोवतीच्या केशवाहिन्यांचे जाळेही अशाच गतीने दाट होते. हाडे, स्नायुरज्जू व अस्थिबंध यांना मात्र बळकट होण्यासाठी कित्येक महिने लागतात. हाड बळकट होण्यापूर्वी त्याचा जुना भाग झिजवला जातो व मग नवा भाग भरला जातो. या मधल्या काळात ते काहीसे दुबळे असते.

नवोदित धावपटूंच्या बहुतेक दुखापतींचे मूळ या तफावतीत आहे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात दम पुरू लागतो, उत्साह वाढतो, विद्यार्थी अंतर एकदम दुप्पट करतो आणि नडगीचे हाड किंवा घोटा दुखू लागतो. हृदय व फुप्फुसे तयार झालेली असतात, हाडे तयार नसतात. दुखणे दुर्लक्षित राहिल्यास हाडाला सूक्ष्म तडा जाऊ शकतो आणि पुढील दोन-तीन महिने वाया जातात.

‘दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा अधिक वाढ करू नये’ हा नियम सर्वत्र सांगितला जातो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे नवोदित धावपटूंवर केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला तेरा आठवड्यांचा हळूहळू वाढत जाणारा कार्यक्रम व दुसऱ्या गटाला आठ आठवड्यांचा नेहमीचा कार्यक्रम दिला होता. दोन्ही गटांत जवळजवळ प्रत्येक पाचांमागे एका धावपटूला दुखापत झाली. टक्केवारीचा नियम चुकीचा आहे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु केवळ आकड्याने संरक्षण मिळत नाही. धावपटूची पूर्वीची शारीरिक सवय, वजन, पूर्वीच्या दुखापती आणि आज जाणवणारी वेदना यांकडे पाहूनच वाढ ठरवावी लागते.

४.२ सावकाश धावण्याचे महत्त्व

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी १९६० च्या दशकात मध्यम व दीर्घ पल्ल्याच्या सरावाची दिशाच बदलली. त्यांचा शिष्य पीटर स्नेल याने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचे आणि १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये ८०० व १,५०० मीटरचे सुवर्णपदक मिळवले. दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ चालणाऱ्या शर्यतीसाठीही लिडियार्ड त्याच्याकडून लांब पल्ल्याचे धावणे करून घेत. आधी दमदारपणाचा पाया व नंतर वेग हे त्यांचे सूत्र होते. पुढे स्टीफन सायलर या संशोधकाने उच्च दर्जाच्या दमदारपणाच्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करून, त्यांच्या सरावसत्रांपैकी सुमारे ८० टक्के सत्रे कमी तीव्रतेची असतात, असे दाखवून दिले.

कमी तीव्रतेची ओळख सोपी आहे. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. बोलताना दम लागत असेल तर वेग जास्त आहे असे समजावे. महाविद्यालयीन विद्यार्थी नेमके उलट करतात. रोज तेच अंतर, तोच जवळजवळ शर्यतीचा वेग आणि रोज घड्याळाशी स्पर्धा, असा त्यांचा सराव असतो. यामुळे सोपा दिवस पुरेसा सोपा राहत नाही आणि वेगाच्या सरावाच्या दिवशी अंगात त्राण उरत नाही.

महाराष्ट्रातील नामवंत धावपटूंकडे पाहतानाही हा काळाचा हिशेब विसरता येत नाही. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत प्रथम क्रमांक मिळवला. नंतर त्या ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या व २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहाव्या आल्या. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी २०२० मध्ये दिल्ली येथे १ तास ३० सेकंदांत अर्धमॅरेथॉन पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळवले. लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर चालत किंवा धावत जावे लागे, हे साबळे यांच्याविषयी अनेकदा सांगितले गेले आहे. अशा विद्यार्थ्याचा पाया महाविद्यालयात येण्यापूर्वीच घातला गेलेला असतो. वसतिगृह ते वर्ग एवढेच चालणाऱ्या विद्यार्थ्याला तोच कार्यक्रम देणे अशास्त्रीय ठरते.

४.३ ऊर्जा, आहार व पाणी

धावताना शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे प्रत्येक किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. ६० किलो वजनाच्या धावपटूला अर्धमॅरेथॉनसाठी सुमारे १,२६० आणि मॅरेथॉनसाठी सुमारे २,५०० किलोकॅलरी लागतात. स्नायू व यकृत यांत साठवलेल्या ग्लायकोजेनपासून ढोबळमानाने २,००० किलोकॅलरी मिळू शकतात. मॅरेथॉनमध्ये तीस किलोमीटरच्या पुढे अनेक धावपटू एकाएकी गळून जातात, त्याचे एक प्रमुख कारण या हिशेबात सापडते. सुरुवातीला वेग जितका जास्त, तितके ग्लायकोजेन लवकर संपते.

याकरिता महागड्या पूरक आहाराची आवश्यकता नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, भात, डाळी, उसळी, दूध, अंडी, शेंगदाणे, गूळ व केळी या परिचित पदार्थांतून गरज भागू शकते. शर्यतीच्या सकाळी दोन-तीन तास आधी पोहे किंवा केळी असा हलका आहार घ्यावा. मात्र तो सरावाच्या काळात आधी करून पाहिलेला असावा. नवा पदार्थ आणि नवे बूट या दोन्हींचा प्रयोग शर्यतीच्या दिवशी करू नये.

विद्यार्थिनींच्या बाबतीत रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी अत्यावश्यक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलीला लवकर दम लागतो आणि प्रशिक्षक तिला ‘जिद्द कमी आहे’ असे सांगतो. येथे उणीव लोहाची असते, मनाची नसते. एका साध्या रक्ततपासणीने हा अन्याय टाळता येतो.

पाण्याबाबत दोन्ही टोके घातक आहेत. कमी पाण्याचे धोके सर्वज्ञात आहेत, पण अतिरेकाचे नाहीत. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियमचे प्रमाण सामान्यापेक्षा कमी झालेले आढळले. वाजवीपेक्षा जास्त द्रव पिणे हे त्याचे महत्त्वाचे कारण होते. तहानेप्रमाणे पाणी आणि लांब अंतरावर मीठ-साखर घातलेले लिंबूसरबत, एवढा संकेत नवोदितांना पुरेसा आहे.

५. मानसिक पूर्वतयारी

५.१ थकवा व मनाचा संबंध

थकवा केवळ स्नायूंत नसतो, हे अलीकडील संशोधनाने स्पष्ट केले आहे. सॅम्युएल मार्कोरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली सोळा व्यक्तींवर प्रयोग केला. एका वेळी त्यांना दीड तास एकाग्रतेचे बौद्धिक काम दिले आणि दुसऱ्या वेळी तितकाच वेळ माहितीपट दाखवला. त्यानंतर दमेपर्यंत सायकल चालवण्यास सांगितले. माहितीपट पाहिल्यावर त्यांनी सरासरी ७५४ सेकंद तग धरला, बौद्धिक कामानंतर केवळ ६४० सेकंद. हृदय व स्नायूंच्या प्रतिसादातून हा फरक उलगडत नव्हता. तेच श्रम त्यांना अधिक कठीण वाटत होते.

महाविद्यालयासाठी हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. सत्रपरीक्षेच्या काळात रात्री जागून अभ्यास करणारा विद्यार्थी सकाळी मैदानावर मंदावतो, तेव्हा तो आळस करतो असे मानू नये. त्या आठवड्यात वेगाचा सराव टाळून केवळ सावकाश धावणे ठेवावे.

५.२ लक्ष कोठे ठेवावे

मॉर्गन व पोलॉक यांनी १९७७ साली मॅरेथॉनपटूंच्या विचारपद्धतीचा अभ्यास केला. सामान्य धावपटू वेदना विसरण्यासाठी मन दुसरीकडे वळवतात. उच्च दर्जाचे धावपटू मात्र श्वास, पावलांची लय, स्नायूंतील ताण यांकडे लक्ष देऊन वेग कमी-जास्त करतात, असे त्यांना आढळले. शरीराचे ऐकणे हेही कौशल्य आहे आणि ते शिकावे लागते. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली ६ ते २० अंकांची श्रमजाणीव श्रेणी यासाठी उपयुक्त ठरते. प्रत्येक सरावानंतर विद्यार्थ्याने वहीत अंतर, वेळ, झोप व श्रमाचा अंक लिहावा. तेच अंतर त्याच वेगाने धावूनही अंक वाढत असेल, तर विश्रांतीची गरज आहे असे ओळखावे.

५.३ स्वसंवाद व टप्प्यांची विभागणी

कठीण क्षणी धावपटू स्वतःशी काय बोलतो याचा परिणाम कामगिरीवर होतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन आठवडे प्रेरक स्वसंवादाचा सराव केलेल्या गटाचा दमेपर्यंतचा कालावधी सुमारे १८ टक्क्यांनी वाढला. ‘खांदे सैल’, ‘पावले छोटी’, ‘या वळणापर्यंत’ अशी छोटी, कृतीशी जोडलेली वाक्ये आधीच ठरवून सरावात वापरावीत. २१ किलोमीटरचा विचार एकदम न करता त्याचे तीन भाग करावेत. पहिले सात किलोमीटर स्वतःला आवरण्याचे, दुसरे सात लय राखण्याचे आणि तिसरे सात शक्य असल्यास वेग वाढवण्याचे. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटासारख्या मार्गावर ही शिस्त आणखी आवश्यक होते. तेथे आधी चढ व परतताना उतार असतो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात आणि त्यांना अधिक इजा होते. चढावर वेग लावणाऱ्याला त्याची किंमत उतारावर मोजावी लागते.

५.४ थांबण्याची पूर्वतयारी

मानसिक तयारीचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे शर्यत सोडण्याचे निकष आधी ठरवणे. छातीत दुखणे, भोवळ, दिशाभान हरपणे, उन्हात थंडी वाजल्यासारखे काटे येणे किंवा चाल लंगडी करणारी वेदना यांपैकी काहीही जाणवल्यास थांबायचे, हे विद्यार्थ्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवले पाहिजे. ऐन क्षणी तापलेल्या मेंदूकडून योग्य निर्णयाची अपेक्षा करता येत नाही. पीटर्सचे उदाहरण हेच शिकवते. ‘थांबलास तरी संघातील तुझे स्थान जाणार नाही’ हे शब्द प्रशिक्षकाने स्पष्टपणे उच्चारल्याशिवाय विद्यार्थी थांबत नाही.

६. सरावाचा आराखडा

डिसेंबरच्या प्रारंभी होणाऱ्या अर्धमॅरेथॉनसाठी ऑगस्टच्या मध्यापासून सोळा आठवड्यांचा कार्यक्रम आखता येतो.

(अ) पाया (आठवडे १ ते ६) : आठवड्यातून चार दिवस सावकाश धावणे. रविवारचे लांब धावणे ५ वरून हळूहळू १० किलोमीटरपर्यंत. दोन दिवस बैठका, पोटऱ्या उचलणे, पोट व पाठीचे व्यायाम. पावसाळ्यात मैदान निसरडे असल्यास जिने व चालणे. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करावे.

(आ) बांधणी (आठवडे ७ ते १२) : लांब धावणे १० वरून १६ किलोमीटरपर्यंत. आठवड्यातून एकच दिवस वेगाचा सराव, उदाहरणार्थ मध्ये विश्रांती घेऊन १,००० मीटरच्या चार-पाच फेऱ्या. चढाचा मार्ग असल्यास चढ व उतार दोन्हींचा सराव.

(इ) शर्यतीचा सराव (आठवडे १३ व १४) : १८ किलोमीटरचे एक लांब धावणे. शर्यतीच्या वेळी, शर्यतीच्याच बुटांत व त्याच न्याहारीनंतर धावून पाहणे.

(ई) भार कमी करणे (आठवडे १५ व १६) : २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार शर्यतीपूर्वी सुमारे दोन आठवडे सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी घटवून तीव्रता कायम ठेवल्यास सर्वाधिक लाभ होतो. या काळात विद्यार्थी अस्वस्थ होतात व ‘सराव सुटला’ या भीतीने जास्त धावतात. संयमाची खरी परीक्षा येथे होते.

७. महाविद्यालयाची जबाबदारी

जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर काही तरुण उमेदवारांचा मृत्यू झाला. ही घटना महाराष्ट्राला विसरता येण्यासारखी नाही. उष्ण व दमट हवेत, पुरेशी सवय नसताना, नोकरीच्या आशेने धावणाऱ्या तरुणांत जिद्दीची कमतरता नसते. हेच तरुण आपल्या वर्गांत बसलेले असतात.

या पार्श्वभूमीवर काही प्रचलित पद्धतींचा पुनर्विचार आवश्यक वाटतो. विद्यापीठाच्या क्रॉस कंट्री स्पर्धेचे परिपत्रक आल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत संघ उभा करण्याची पद्धत शरीरशास्त्राशी विसंगत आहे. संघाची निवड शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच व्हावी. सराव पहाटे साडेपाचला आणि शर्यत मात्र उद्घाटन, स्वागत व मनोगते आटोपून साडेदहाच्या उन्हात, असे अनेकदा घडते. उष्णतेची सवय होण्यास साधारण सात ते चौदा दिवसांचा सराव लागतो. ती सवय नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा विलंब धोक्याचा ठरतो. समारंभ शर्यतीनंतर ठेवता येतो, ऊन पुढे ढकलता येत नाही.

सहभागापूर्वी वैद्यकीय तपासणी व्हावी. श्रम करताना भोवळ येणे, छातीत दुखणे, कुटुंबात तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणे या तीन गोष्टी प्रत्येक विद्यार्थ्याला विचाराव्यात व होकार आल्यास हृदयतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. मार्गावर पाणी, रुग्णवाहिका, छातीदाबाचे प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक आणि बर्फाच्या पाण्याचे मोठे टब असावेत. उष्माघात झालेल्या धावपटूच्या बाबतीत ‘आधी थंड करणे, मग रुग्णालयात नेणे’ हा क्रम जीव वाचवतो. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

८. निष्कर्ष

(१) दीर्घ पल्ल्याच्या धावण्यात रक्ताभिसरण, स्नायू व हाडे यांची तयारी वेगवेगळ्या गतीने होते, म्हणून सर्वांत संथ घटकानुसार सरावाची आखणी करावी लागते.
(२) सरावाचा मोठा भाग सावकाश धावण्याचा असणे हे शास्त्रसंमत आहे.
(३) मानसिक तयारीत स्वसंवाद, टप्प्यांची विभागणी व शरीराचे निरीक्षण यांबरोबर थांबण्याचे निकषही समाविष्ट असावेत.
(४) अपयशाला मनाचा दुबळेपणा म्हणण्यापूर्वी रक्तक्षय, अपुरी झोप व परीक्षेचा ताण तपासावा.
(५) निवड, वेळापत्रक व वैद्यकीय व्यवस्था या संस्थेच्या जबाबदाऱ्या होत. त्यांचा भार विद्यार्थ्याच्या जिद्दीवर टाकता येणार नाही.

९. समारोप

शर्यत एका सकाळी होते, तिची तयारी मात्र चार महिने चालते. त्या चार महिन्यांत विद्यार्थी दमदारपणाबरोबर आणखी एक गोष्ट शिकतो. आज शक्य असलेले सर्व आजच खर्च करायचे नसते, ही ती गोष्ट. अंतिम रेषा ओलांडून घरी सुखरूप परतलेला आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मैदानावर आलेला विद्यार्थी हे पूर्वतयारीच्या यशाचे खरे प्रमाण होय. त्याचा क्रमांक कितवा आला, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.